इंटरनेटच्या सामाजिक परिणामांवर एमएचा लघुशोधप्रबंध कसा करावा: कांद्याच्या भावाचं उदाहरण

‘इंटरनेटचा ग्रामीण समाजावरील परिणाम’ असा विषय विभागात दिला की तो सहसा मंजूर होतो आणि अडचण तिथूनच सुरू होते. या शीर्षकात प्रश्न नाही. इंटरनेटचा कोणता वापर, कोणाचा समाज, कशाच्या तुलनेत परिणाम, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग प्रश्नावलीत ‘इंटरनेटमुळे तुमच्या जीवनात सुधारणा झाली का?’ असं विचारलं जातं, बहुतेक जण भिडेखातर ‘हो’ म्हणतात, त्याचे गोल आलेख काढले जातात. तोंडी परीक्षेत ‘सुधारणा म्हणजे काय?’ एवढं विचारलं तरी सगळं कोसळतं.

विषय चांगला आहे, फक्त तो हातात मावेल एवढा करायला हवा. खालची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर दाखवली आहे: नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे भावाचे मेसेज. तुमचा विषय वेगळा असेल, पण पायऱ्या याच.

प्रश्न एका निर्णयापर्यंत आणा

परिणाम शोधायचा तर माणूस प्रत्यक्ष घेतो असा एखादा निर्णय पकडा. इथे तो असा: भावाचा मेसेज आल्यामुळे शेतकरी कांदा कधी, किती क्विंटल आणि कोणत्या बाजारात न्यायचा हे वेगळं ठरवतो का? या प्रश्नाला तारीख आहे, वजन आहे, ठिकाण आहे. उत्तर पावतीवर तपासता येतं.

आता तुलना शोधा. तुलनेशिवाय ‘परिणाम’ हा शब्द वापरूच नका, ‘वापर’ म्हणा. कांद्यात तुलना पिकातच तयार आहे. उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहू शकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. मेसेज दोघांनाही तोच येतो, पण भाव पडल्याचं वाचून थांबणं फक्त चाळ असलेल्याला शक्य आहे. लाल कांदेवाल्याला फार तर लासलगावऐवजी पिंपळगाव बसवंतला गाडी न्यायची मुभा. शिवाय उन्हाळ कांदा असूनही सोसायटीचं कर्ज किंवा घरातलं लग्न डोक्यावर असेल तर थांबता येत नाही. म्हणजे माहिती मिळणं आणि माहितीवर वागता येणं यांतलं अंतर मोजणं हाच तुमचा अभ्यास.

या अंतराकडे जगभरातल्या अभ्यासकांचंही लक्ष गेलं आहे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइलचे टॉवर एकेका भागात वेगवेगळ्या वेळी उभे राहिले. या क्रमाचा उपयोग करून झालेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर मासळी उतरवायची ते ठरवू लागले, बाजाराबाजारांतल्या दरांतली तफावत घटली, मासळी फेकून द्यावी लागणं थांबलं. याच्या उलट, महाराष्ट्रातल्या 100 गावांमध्ये काही शेतकऱ्यांना चिठ्ठी टाकून निवडून भाव आणि हवामान कळवणारी एसएमएस सेवा वर्षभर मोफत दिली गेली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात, शेतकऱ्याला मिळालेल्या दरात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तंत्र साधारण एकच, निकाल दोन. नावेला बंदर बदलता येतं, ट्रॅक्टर भाड्याने घेतलेल्या आणि अडत्याकडून (बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाकडून) उचल घेतलेल्या माणसाला काय बदलता येतं, हे शोधायला तुम्ही जाताय.

पूर्वसंशोधनासाठी शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, समाज प्रबोधन पत्रिकेचे अंक आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळणारी नियतकालिकं पुरतात. शासकीय विद्यापीठात असाल तर 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत हजारो परदेशी नियतकालिकं मोफत वाचता येतात. ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या. तीन आठवडे द्या, त्याहून जास्त नको.

सरकारी आकडे वापरताना

पहिल्या प्रकरणात आकडे लागतातच आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात, कारण प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या अहवालातले ‘ग्राहक’ म्हणजे जोडण्या, माणसं नव्हेत. एका खिशात दोन सिम असली तर ती दोनदा मोजली जातात. ट्रायच्या ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, गोवा धरलेला असतो आणि मुंबई वेगळी असते. तो आकडा राज्याच्या लोकसंख्येने भागला की उत्तर चुकलंच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 75 वी फेरी (2017-18) कुटुंबं मोजते: ग्रामीण भागात सुमारे 15 टक्के, शहरी भागात सुमारे 42 टक्के घरांत इंटरनेटची सोय. पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) 15 ते 49 वयाच्या व्यक्तींना ‘कधी तरी’ वापरलं का असं विचारतं: देशभरात पुरुष 57 टक्के, स्त्रिया 33 टक्के. हे तिन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका.

भाव आणि आवक यांचे रोजचे आकडे ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीनुसार मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. तुलनेसाठी सर्वसाधारण भाव घ्या. मेसेजमध्ये बहुतेकदा ठळक अक्षरांत कमाल भाव असतो आणि तो मोजक्याच गाड्यांना मिळालेला असतो. शेतकरी कोणता आकडा लक्षात ठेवतो, हाही नोंदवण्यासारखा मुद्दा आहे.

कालखंड निवडताना धोरणं तपासा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि मे 2024 मध्ये उठवली. या काळातल्या चढउताराचं श्रेय किंवा दोष मेसेजला दिलात तर परीक्षक तिथेच थांबवतील.

कोणाला भेटायचं, काय विचारायचं

दोन गावं, 24 मुलाखती एका विद्यार्थ्याला झेपतात. बारा चाळ असलेले, बारा नसलेले. दोन्ही गटांत निदान तीन जण स्मार्टफोन न वापरणारे हवेतच. ते गाळले तर तुलना संपली. जास्त जमीन, शिक्षण, चाळ आणि चांगला फोन या गोष्टी अनेकदा एकाच घरात असतात. म्हणून ‘फोनवाल्याला भाव बरा मिळाला’ एवढ्यावरून फोनमुळे मिळाला असं म्हणता येत नाही. याशिवाय एक-दोन अडते आणि ग्रुपचा ॲडमिन यांच्याशी स्वतंत्र बोला. भावाचा मेसेज आधी कोण टाइप करतो आणि त्याला तो आकडा लिलावातून कोण कळवतो, हे ॲडमिनशिवाय कळणार नाही.

‘इंटरनेट किती वापरता?’ हा प्रश्न काढून टाका. लोक खोटं बोलत नाहीत, पण अंदाज चुकतो. परवानगी असेल तर फोनमधलं डिजिटल वेलबीइंगचं पान त्यांनाच उघडायला सांगा आणि आठवड्याची सरासरी लिहून घ्या. ‘तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?’ याचंही तसंच. फोन दिवसा कोणाकडे असतो, रिचार्ज कोण करतं, लॉक कोणाला उघडता येतं, असे तीन प्रश्न विचारले की घरातली बाई ‘आहे’ म्हणते तो फोन मुलाच्या खिशात असतो हे समजतं. स्त्रियांशी शक्यतो त्या एकट्या असताना, सोबत बाई सहकारी घेऊन बोला. कांदा निवडण्याचं बरंचसं काम त्या करतात आणि किती माल विकण्यालायक आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

मुख्य मुलाखत शेवटच्या विक्रीभोवती ठेवा. शेवटचा कांदा कोणत्या दिवशी विकला? आदल्या दिवशी भाव कुठून कळला? तो मेसेज अजून आहे का, दाखवाल का? मग किती क्विंटल भरला? कोणाला विचारलं? काटापट्टी (वजनाची पावती) आहे का? सहा महिन्यांपूर्वीच्या विक्रीबद्दल विचारू नका. तेवढं आठवत नाही, मग माणूस ‘सहसा’ काय करतो ते सांगू लागतो. सकाळी लिलावाच्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी खळ्यावर भेटा.

वेळेचा हिशेब आधीच करा. 45 मिनिटांच्या 24 मुलाखती म्हणजे 18 तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाचं हुबेहूब लेखन करायला मराठीत सहा तास धरा, कारण बोली, मागचा ट्रॅक्टर आणि मध्येच बोलणारे शेजारी. एकूण 108 तास. रोज चार तास बसलात तर 27 दिवस. हे महिनाभराचं काम शेवटच्या पंधरवड्यावर ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

ग्रुपमधले मेसेज आणि संमती

दुव्यावर टिचकी मारून ग्रुपमध्ये शिरता येतं म्हणून तिथलं बोलणं अभ्यासाला खुलं होत नाही. ॲडमिनची लेखी परवानगी घ्या, ग्रुपमध्ये तुमचं नाव, विभाग आणि हेतू सांगणारा मेसेज टाका, ज्यांना नको त्यांचे मेसेज वगळण्याची सोय ठेवा. ग्रुपमध्ये 1024 पर्यंत सदस्य असू शकतात. सर्वांची संमती मिळत नसेल, तर फक्त भावाचे मेसेज मोजा, गप्पा नाहीत. संमतीपत्र एका पानाचं, मराठीत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवून तोंडी होकार मुद्रित करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते, तेव्हा कॉलेजच्या मुलांशी बोलायचं असेल तर वय आधी विचारा आणि गरज पडल्यास पालकांची संमती घ्या.

चॅट एक्स्पोर्ट करताना ‘मीडियाशिवाय’ निवडलं तर साधारण 40,000 पर्यंत मेसेज मिळतात. ग्रुपमध्ये प्रगत गोपनीयतेची सेटिंग चालू असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही. फाइलमध्ये सदस्यांचे फोन नंबर किंवा जतन केलेली नावं जशीच्या तशी येतात. पहिलं काम, त्यांच्या जागी श1, श2 असे संकेत घाला. संकेतांची यादी वेगळ्या ठिकाणी, पासवर्ड लावून ठेवा.

फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी अक्षरांचा चिखल होतो. आधी रिकामी शीट उघडा, ‘डेटा’मधून मजकूर फाइल आयात करा आणि एन्कोडिंग 65001, म्हणजे यूटीएफ-8 निवडा.

मग शब्दशोध, आणि इथे मराठी फार दगा देते. ‘शेतकऱ्याला’ यातला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, ‘ॲप’मधला ॲ सुद्धा. डोळ्यांना सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. त्यावर ‘शेतकर्याला’ असं चुकीचं लिहिणारेही असतात. त्यात कोणी रोमन अक्षरांत लिहितं, तेही प्रत्येक जण आपल्या स्पेलिंगने. कोणी नुसतं कांद्याचं चित्र टाकतं. एका शब्दाची सगळी रूपं गोळा करून यादी करा आणि मगच मोजा. त्यानंतरही अर्धी माहिती हातातून निसटते, कारण भाव बऱ्याचदा फलकाच्या फोटोत किंवा आवाजी मेसेजमध्ये असतो, आणि मीडियाशिवाय घेतलेल्या फाइलीत तिथे फक्त माध्यम वगळल्याची नोंद उरते. यावर उपाय हाताने नोंदवहीचाच: सलग 14 दिवस, दर मेसेजला वेळ, प्रकार, सांगितलेला भाव, बाजार, आणि तो मूळ आहे की पुढे ढकललेला. रोज रात्री अर्धा तास पुरतो.

नोंदवहीतला भाव त्याच तारखेच्या ॲगमार्कनेटशी ताडून पाहा. तफावत आढळली की तिचं कारण ॲडमिनला आणि अडत्याला विचारा. निष्कर्षाचं प्रकरण बहुतेक इथूनच उभं राहतं.

लिहिताना

मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयानुसार संकेत देणं, टॅगेट या मोफत साधनात करता येतं, पण 24 मुलाखतींना रंगीत पेन्सिलीही चालतात. आधी पाच मुलाखती वाचून संकेत ठरवा, मग उरलेल्या. 24 जणांच्या आधारे टक्केवारी देऊ नका. ‘बारांपैकी आठ जणांनी’ असं लिहा. गावाचं नाव बदला, आणि ‘सरपंचाचा भाऊ, दोन चाळी, लाल जीप’ असं वर्णनही टाळा. तालुक्यात तो माणूस लगेच ओळखू येतो.

प्रबंध जमा करण्याआधी एक पानाचा मराठी गोषवारा घेऊन गावात परत जा, चार-पाच शेतकऱ्यांना वाचून दाखवा. ते ‘असं नाही’ म्हणतील ती वाक्यं सुधारा, किंवा त्यांचा आक्षेप तळटीपेत द्या. ध्वनिमुद्रणं कधी पुसणार ती तारीख संमतीपत्रातच लिहिलेली असावी. निकाल लागल्यावर त्या तारखेला फोन, लॅपटॉप आणि क्लाउड, तिन्हीकडून ती पुसा.