घरी केस रंगवताना आणि हलके करताना या चुका टाळा

जळगावात पार्लर सुरू करून मला १९ वर्षे झाली. केस रंगवून घ्यायला आलेल्या बायकांपेक्षा घरी बिघडलेला रंग निस्तरून घ्यायला आलेल्या बायकाच माझ्या अधिक लक्षात आहेत, कारण त्यांच्या चुका वर्षानुवर्षे त्याच त्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याच सुमारास लग्नसराई ऐन भरात असते आणि डोक्याला ओढणी गुंडाळून माझ्या दाराशी उभ्या राहणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. घरी केस रंगवूच नयेत असे माझे म्हणणे नाही; मी स्वतः माझ्या पांढऱ्या बटा घरच्या न्हाणीघरातच रंगवते. माझी तक्रार आहे ती ज्यांना दोन दिवस थांबायचे नसते त्यांच्याबद्दल.

हे दोन दिवस म्हणजे त्वचेवरील चाचणीचे ४८ तास. प्रत्येक पाकिटावर ही सूचना असते आणि ती कोणीही वाचत नाही. यावल तालुक्यातील माझ्या एका जुन्या ग्राहक बाई नऊ वर्षे एकाच प्रकारचा काळा रंग घरी लावत होत्या. मुलाच्या हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे तो लावला; रात्री टाळूला खाज सुटली, सकाळी कपाळ सुजले आणि दुपारपर्यंत दोन्ही डोळे सुजून बंद झाले. त्यांच्या मुलाने फोन केला तेव्हा मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले, कारण अशा सुजेवर पार्लरवालीने उपाय सुचवायचा नसतो. लग्नाच्या सगळ्या फोटोंत वरमाय काळा चष्मा लावून उभी आहे. नंतर भेटल्या तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, नऊ वर्षांत कधी काही झालं नव्हतं हो."

नेमका गैरसमज हाच आहे. काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाईन, म्हणजे पीपीडी, हे द्रव्य असते. त्याची ॲलर्जी पहिल्या वापरातच दिसेल असे नाही. शरीर हळूहळू संवेदनशील होत जाते आणि मग एखाद्या दिवशी, दहाव्या किंवा पन्नासाव्या वेळी, उसळते. तेही लगेच नाही, तर कित्येक तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी. म्हणून अर्ध्या तासाची चाचणी निरुपयोगी आहे आणि मागच्या वर्षीची चाचणी या वर्षी चालत नाही. जत्रेत हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून घेतल्यावर ज्यांना फोड आले असतील त्यांनी तर काळा कलप लावूच नये, कारण त्या नक्षीतही अनेकदा हेच द्रव्य असते. माझी स्वतःची पद्धत अशी की, रविवारी रंगवायचे असेल तर शुक्रवारी सकाळी पाकिटात सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग कोपराच्या आतल्या बाजूस लावायचा आणि कॅलेंडरवर शुक्रवारच्या तारखेला तशी खूण करायची. खाज, लाली किंवा पुरळ दिसले तर पाकीट कोणालाही न देता फेकून द्यावे.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून घडलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल मी अधिक चिडून बोलते. पार्लरच्या दुसऱ्याच वर्षी माझी मावसबहीण आखाजीला आली आणि तिने सोनेरी बटा करून मागितल्या. मी विचारले, "कलप लावलेला नाही ना?" ती म्हणाली, "नाही गं, फक्त मेंदी लावते." तिच्या दृष्टीने ते खरेच होते. मी ब्लीच लावून बटा फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि दहा मिनिटांत ती "भाजतंय" म्हणू लागली. फॉइल हाताला चटका बसेल इतके तापले होते. उघडून धुतले तेव्हा चार बटा भिजलेल्या शेवयांसारख्या ताणल्या गेल्या आणि हातात आल्या. तिचा लांब शेपटा मला खांद्यापर्यंत कापावा लागला. मावशीने पुढे दोन आखाज्या माझ्याशी बोलणे टाकले होते, आणि तिचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

कारण साधे आहे. निव्वळ मेंदीच्या पानांची पूड केसांना फक्त तांबूस करते. पण "मेंदी" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि काळ्या मेंदीच्या पुड्यांत तर सर्रास पीपीडी असते. धातूंच्या क्षारांना ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइड भेटले की उष्णता निर्माण होते आणि केस आतून तुटतो. म्हणून आता मी "कलप लावला का" असे विचारतच नाही. "गेल्या दोन वर्षांत तेल आणि शॅम्पू सोडून डोक्याला काय काय लागले" असे विचारते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळापासून २४ सेंटिमीटरवर दोन वर्षांपूर्वीची मेंदी अजून बसलेलीच असते. ज्यांना आठवत नाही त्यांनी कंगव्यात आलेले पंधरा-वीस केस दोऱ्याने बांधून प्लॅस्टिकच्या वाटीत तयार मिश्रणात अर्धा तास ठेवावेत. मिश्रण गरम झाले, फसफसले, केसांचा रंग हिरवट झाला किंवा केस ओढताच रबरासारखे लांबले, तर तो विषय तिथेच संपवावा.

डेव्हलपर म्हणजे ब्लीचच्या पुडीत कालवायचे पेरॉक्साइडचे द्रावण; त्याची तीव्रता "व्हॉल्यूम"च्या आकड्याने सांगतात, आणि अधीर मंडळी नेहमी मोठा आकडा उचलतात. २० व्हॉल्यूममध्ये ६ टक्के पेरॉक्साइड असते, ३० मध्ये ९ आणि ४० मध्ये १२ टक्के. घरी ४० व्हॉल्यूम आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पाकिटावरील मिनिटे ही कमाल मर्यादा असते, "अजून दहा मिनिटे ठेवू" म्हणायची सोय नव्हे. त्यात वैशाखात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने ब्लीचचा वेग वाढतो, तरीही ब्लीच लावून गच्चीवर उन्हात बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मी हे काम सकाळी नऊच्या आत, खिडकी उघडी ठेवून आणि कूलर चालू करून करते. लिंबाचा रस चोळून उन्हात बसण्याची युक्ती तर आपल्या भागात कोणी कोणाला सांगूही नये. केस फिकट होतील न होतील, कपाळावर लिंबू आणि ऊन मिळून भाजल्याचे डाग मात्र उठतात.

केस हलके करताना मुळांपासून सुरुवात करू नये, कारण टाळूच्या उबेने तिथे ब्लीच लवकर चढते आणि मुळे पिवळी, टोके तांबडी असा विचित्र प्रकार होतो. आधी मधला भाग आणि टोके, शेवटी मुळे. आदल्या दिवशी डोके धुऊ नये आणि खाजवूही नये. धातूची वाटी वापरू नये. हातमोजे घालावेत, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन लावावे. भुवया आणि पापण्यांना यातले काहीही लावू नये. डोळ्यात थेंब गेलाच तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये, आत वायू साठून डबी फुटते. बोअरच्या जड पाण्याने रंग निस्तेज दिसतो, म्हणून शेवटचे दोन तांबे मी पिण्याच्या पाण्याचे घेते.

राहता राहिला नारिंगी रंग. आपले काळे केस हलके होताना आधी लाल, मग नारिंगी आणि मग पिवळे होतात. पहिल्या खेपेस ते नारिंगीवर थांबले तर त्यात बिघडलेले काही नसते. पण ते पाहून घाबरलेली मुलगी त्याच संध्याकाळी दुसरे ब्लीच आणते, आणि केस खरे तुटतात ते तेव्हा. नारिंगीपणा निळ्या छटेच्या टोनरने, म्हणजे ब्लीचनंतर नको असलेली छटा दाबायला लावतात त्या हलक्या रंगाने, आणि पिवळेपणा जांभळ्या छटेने दबतो. दुसरे ब्लीच करायचेच असेल तर किमान दोन आठवडे थांबावे, तोवर कंडिशनर लावत राहावे आणि बाहेर पडताना ओढणी बांधावी. उन्हाळ्यात आपल्याकडे ती सगळ्याच बांधतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.