आरओची धार बारीक झाली? आधी बाहेरची कँडल बघा

पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी येतं आणि सांगलीत आरओ रडायला लागतात. मेंब्रेनचा, म्हणजे मशीनमधल्या मुख्य गाळणीचा, खर्च करण्याआधी एवढं करा.

मशीनचं बटण बंद करा. बाहेरच्या प्री-फिल्टरमधून (गाळ अडवणारी कँडल असलेला डबा) मशीनकडे जाणारी नळी काढून बादलीत धरा आणि तोटी सोडा. नळाला जोर असूनही इथे धार बारीक असेल, तर कँडल चोंदली आहे.

तोटी बंद करून पान्याने डबा उघडा. तपकिरी, बुळबुळीत कँडल घासत बसू नका. सरळ नवीन घाला. डबा धुवा, रबरी रिंग खाचेत नीट बसवा, नाहीतर पाणी ठिबकत राहतं.

नवीन कँडल मिळेपर्यंत मात्र मशीन कँडलशिवाय चालवू नका. गाळ थेट आत जातो आणि मेंब्रेन खरंच बदलावं लागतं.