यॉर्कची जागा शोधायला निघण्यापूर्वी

मेटल डिटेक्टर बॅगेत शेवटी टाका. ८ ऑक्टोबर १९१८ला फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात, शातेल-शेहेरी गावाच्या पश्चिमेला, पहिल्या महायुद्धातला अमेरिकी सैनिक अल्विन यॉर्क आणि त्याच्या उरलेल्या साथीदारांनी १३२ जर्मन कैद केले. नेमके कुठे, याची दोन शोधपथकांनी दोन वेगळी ठिकाणं दाखवली आणि काडतुसं दोघांकडेही होती. म्हणून आधी कागद जमवा. यॉर्कची आणि साथीदारांची जबानी, जर्मन बाजूचे अहवाल, आणि माझ्या मते सर्वांत मोलाच्या, त्या तुकडीतल्या सहा मृतांच्या दफननोंदी. दफन करणाऱ्याला कुणाला हिरो करायचं नव्हतं. जुने लष्करी नकाशे आजच्या नकाशावर घरीच बसवून घ्या.

परवानगीला वेळ लागतो. फ्रान्समध्ये पुरातन वस्तूंसाठी डिटेक्टर फिरवायला प्रशासनाची मंजुरी लागते, त्यात तुमची पात्रता आणि हेतू दोन्ही तपासतात. जमीनमालकाची संमती वेगळी, तीही लेखी.

सामानात छोटे झेंडे, नंबर घातलेल्या पिशव्या, न पुसणारं पेन, मोजपट्टी. दाट झाडीत जीपीएस दगा देतो, त्यामुळे पक्क्या खुणेपासून मोजायची सोय हवी. पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, सापडली की घासूनपुसून चकचकीत करायचा मोह आवरा. अमेरिकी पिस्तुलाची पुंगळी जेमतेम २३ मिलिमीटरची, बुटकी, रायफलची ६३ची. बुडावर कारखान्याची अक्षरं आणि सालाचे आकडे असतात, मधोमध फायरिंग पिनचा खळगा. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दोन पुंगळ्या एकाच हत्यारातल्या आहेत का ते कळतं; १९८३च्या वणव्यानंतर अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर हेच केलं गेलं. पुंगळी जिथे पडली त्याच्या आसपास झाडणारा, गोळी जिथे रुतली तिकडे त्याचा रोख. पण त्या दरीत इतरही अमेरिकी लढले होते, तेव्हा एकट्यादुकट्या अमेरिकी पुंगळीवर उड्या मारू नका. जर्मन ७.९२ मिलिमीटर गोळीची प्रत्येक पुंगळीही तितक्याच काळजीने टिपा, आणि जिथे काहीच मिळालं नाही तो पट्टासुद्धा.

न फुटलेला तोफगोळा दिसला तर हात लावायचा नाही. खूण करा, मागे फिरा, पोलिसांना कळवा. हाड दिसलं तरी काम तिथेच थांबवा.

आणि शरद ऋतूत जाणार असाल तर भडक नारिंगी जाकीट घ्याच, त्या दिवसांत तिथे शिकारीचा हंगाम असतो.