बोन मॅरोतून पेशी वेगळ्या करताना : या चुका टाळा

दात्याच्या बोन मॅरोतून (अस्थिमज्जेतून) रुग्णाला द्यायच्या मूळ पेशी वेगळ्या करताना सगळ्यात महागात पडते ती मोजणीतली चूक. एकूण केंद्रकयुक्त पेशी किती हाती लागल्या, एवढ्यावरच पद्धतींची तुलना केली जाते. फायकॉल या ठरावीक घनतेच्या द्रावणातून ग्रॅन्युलोसाइट (कणदार पांढऱ्या पेशी) तळाला जातात, तेच तर त्याचं काम. बफी कोटमध्ये (फिरवल्यावर तांबड्यांच्या वर जमणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या थरात) किंवा हेटास्टार्च या स्टार्चच्या द्रावणाने तांबड्या पेशी खाली बसवल्यावर ग्रॅन्युलोसाइट बऱ्याचशा वर राहतात. म्हणजे या आकड्यात फायकॉल हरणारच, पण रक्तनिर्मिती पुन्हा सुरू करतात त्या सीडी३४ पेशी (सीडी३४ ही खूण पृष्ठभागावर असलेल्या मूळ पेशी). त्या प्रक्रियेआधी आणि नंतर, जिवंत तेवढ्याच मोजा आणि टक्केवारी त्यावरून काढा. प्रक्रिया न केलेल्या मॅरोचा निकष, रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे किमान २० कोटी केंद्रकयुक्त पेशी, फायकॉलनंतरच्या पिशवीला लावलात तर चांगली पिशवीही अपुरी ठरेल. तिथे किलोमागे २० लाख सीडी३४ पाहायच्या. मशीनच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका : चरबीचे थेंब आणि केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही ते पांढऱ्यांत धरू शकतं.

फायकॉलची घनता १.०७७ असते ती २० अंशांना. फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर ते जास्त घट्ट असतं; तांबड्या पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट पूर्ण खाली उतरत नाहीत आणि मधला थर लालसर येतो. फार गरम असेल तर उलट, हव्या त्या पेशीच तळाला जातात. मॅरो तेवढ्याच बफरने पातळ करा, नळी तिरकी धरून फायकॉलवर सावकाश सोडा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) वर ३० ते ४० मिनिटं फिरवा, ब्रेक बंद ठेवून. दुसऱ्या लॅबचे आरपीएम (मिनिटाला फेरे) उतरवून घेऊ नका. १५०० आरपीएम म्हणजे १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे ४०० जी, १० सेंटिमीटरच्या रोटरवर जेमतेम २५०.

तांबड्या पेशी काढायच्याच का, हे आधी रक्तगटावरून ठरवा. रुग्ण ओ आणि दाता ए असेल तर काढाव्या लागतात. दाता ओ आणि रुग्ण ए असेल तर प्लाझ्मा कमी केला की पुरतं. तिथे तांबड्या काढत बसणं म्हणजे मूळ पेशी विनाकारण गमावणं. रुग्ण ए, दाता बी असेल तर दोन्ही करावं लागतं.

१२०० मिली मॅरोचा हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण) ३० टक्के असेल तर त्यात ३६० मिली तांबड्या पेशी असतात. शेवटच्या पिशवीत १०० मिली, हिमॅटोक्रिट २० टक्के, म्हणजे २० मिली उरल्या. मोठ्या माणसाला हे सहसा चालतं, लहान मुलाला वजनाप्रमाणे कमीच हवं. हा आकडा खाली आणायच्या नादात पेशी गोळा करताना थरांच्या सीमेपासून फार दूर थांबलात तर सीडी३४ तांबड्यांबरोबर जातात. म्हणून बाजूला काढलेली पिशवी मोजणी हाती येईपर्यंत टाकू नका. संख्या कमी भरली तर तीच पुन्हा बसवून पेशी परत मिळवता येतात.