काजूच्या बागेतली रानमोडी: तणनाशक फवारताना

तणनाशकाने काम केले नाही की लोक पुढच्या खेपेला डोस वाढवतात. पण बहुतेक वेळा चूक डोसात नसतेच. ती असते पाण्यात, वेळेत आणि नोझलमध्ये.

आधी कायद्याचे. ऑक्टोबर २०२२च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली आहे. म्हणजे फवारणारा माणूस बाहेरचा, पण बाग आपली. पुढच्या गोष्टींवर मालकानेच लक्ष ठेवायचे.

रानमोडी हे झुडपासारखे माजणारे तण नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते आणि त्याचे बी वाऱ्यावर डोंगरभर जाते, म्हणून ऑक्टोबर चुकवू नये. डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या रानावर फवारणे म्हणजे औषध फुकट घालवणे. रानमोडी पावसाच्या शेवटी कोयत्याने बुंध्याशी कापावी, गुडघ्याएवढी कोवळी फूट आली की फवारावी. पाने ताजीतवानी हवीत. उन्हाने मलूल झालेले तण औषध मुळापर्यंत नेत नाही. घाणेरीला तर औषधाची गरजच नाही. कुदळीने मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटे टाकले की पुन्हा फुटत नाही.

व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, गढूळ पाणी कधीच वापरू नये. ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटते आणि पंपातच निकामी होते. विहिरीचे निवळ पाणी घ्यावे, पण मिश्रण विहिरीच्या काठावर करू नये. ४१ टक्क्यांच्या औषधाचा साधारण हिशेब लिटरला १० मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला १६०. बाटलीवर वेगळे लिहिले असेल तर तेच खरे. पंप अर्धा भरावा, औषध घालावे, मग उरलेले पाणी.

नोझल सपाट फवाऱ्याचे हवे. कीटकनाशकाचे पोकळ शंकूचे नोझल लावले की धुक्यासारखे बारीक थेंब उडतात आणि शेजारच्या केळीवर बसतात. दाब कमी, नोझल तणापासून अर्ध्या मीटरवर, पुढे थेंब अडवणारा प्लास्टिकचा शंकू. पाने ओली व्हावीत, पण त्यांवरून औषध ठिबकू नये. काजूच्या कलमाचे हिरवे खोड, केळीचे पिल्लू, पोफळीचे रोप यांच्यावर थेंबही नको. हिरवी साल औषध पिते.

दव सुकल्यावर, साधारण ८ ते ११च्या दरम्यान फवारावे. दुपारी समुद्राचा वारा सुटला की थांबावे. पहाटेची अगदी निश्चल हवाही वाईट, कारण बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात. पुढचे ६ तास पाऊस नको.

रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, मास्क. पंप पाठीवर घेण्याआधी नुसत्या पाण्याने गळती तपासावी. झाकणाचा वायसर झिजलेला असला की औषध थेट पाठीवर ओघळते आणि घामात ते कळतही नाही. नोझल तुंबले तर जुन्या टूथब्रशने साफ करावे, तोंडाने फुंकू नये.

पंप तीनदा धुवावा, ते पाणी फवारलेल्या तणावरच टाकावे. टू-फोर-डी हे तणनाशक वापरले असेल तर तो पंप भाजीसाठी नकोच. धुऊनही मागे राहिलेल्या अंशाने मिरचीची कोवळी पाने दोरीसारखी पिळतात. रिकामी बाटली भोसकून निकामी करावी. औषध पोटात गेले तर उलटी करवू नये. १०८ला फोन करून बाटलीचे लेबल डॉक्टरकडे न्यावे.