रकमनला मोजायचं कसं? मेलबर्नमध्ये खेळाचे आकडे शिकायला येणाऱ्यांसाठी

मेलबर्नला स्पोर्ट्स अॅनालिटिक्स शिकायला आलेली मराठी मुलं अधूनमधून भेटतात. पायथनवर हात बसलेला, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ आणि फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, मात्र गंध नाही. त्यांना मी रकमनपासून सुरुवात करायला सांगतो. या शहरात काम फूटीतच जास्त आहे, आणि आकडा दिशाभूल कशी करतो हे या एका जागेवर फार लवकर कळतं.

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना १८-१८ खेळाडू. गोल झाला किंवा चेंडू घोळक्यात अडकला की पंच तो पुन्हा खेळात आणतो. सीमारेषेबाहेर गेलेला चेंडूही बरेचदा आत फेकला जातो. अशा वेळी दोन्ही संघांचे उंच गडी त्यावर झेपावतात आणि टॅप करून आपल्या मिडफिल्डरकडे वळवू पाहतात. हे रकमन, आणि त्या टॅपचं नाव हिटआउट.

हिटआउट मोजायला सोपा, म्हणूनच तो सगळीकडे छापला जातो. चेंडूला पहिला हात लागला, बटण दाबलं, झालं. व्हॉलीबॉलमध्ये सेटरने चेंडूला किती वेळा हात लावला यावरून कुणी सेटर निवडत नाही, इथे मात्र बराच काळ तसंच चाललं. आता ‘हिटआउट टू अॅडव्हांटेज’ पाहतात, म्हणजे टॅप थेट आपल्या माणसाला मिळाला का. भल्याभल्यांचंही हे प्रमाण चतुर्थांश ते एक तृतीयांशाच्या आसपास घुटमळतं. तेव्हा कुणाचे ४० हिटआउट बघून हरखून जाऊ नका. शिवाय समोरच्या मिडफिल्डरने आधीच हेरून पळवलेले टॅप असतात. ते वजा करणारा रकाना नवशिक्यांच्या तक्त्यात हमखास नसतो.

नियमांचा इतिहासही माहीत हवा. २०१७ पासून दोन रकमनच्या झुंजीत तिसऱ्या गड्याने उडी घ्यायला बंदी आली. २०१९ पासून रकमनने हवेतला चेंडू टॅप न करता सरळ पकडला, तरी त्याला ‘चेंडू सोडायची आधी संधी होती’ असं धरत नाहीत. पूर्वी अशा वेळी लगेच टॅकल झाला की फ्री किक समोरच्या संघाला जायची. त्यामुळे दांडगा रकमन आता चेंडू धरतो आणि थेट किक मारतो. संघासाठी हे उत्तमच, पण हिटआउटच्या खात्यात शून्य. २०१५ आणि २०२१ चे हिटआउट शेजारी मांडून तुलना करणाऱ्याला मी तरी गांभीर्याने घेत नाही.

जागेनुसार वजनही बदलतं. २०१९ मध्येच ६-६-६ चा नियम आला, म्हणजे मध्यावरून खेळ सुरू होताना दोन्ही टोकांना गोलपासून ५० मीटरवर आखलेल्या चापांत प्रत्येक संघाचे सहा-सहा गडी हवेतच. तिथून पटकन चेंडू निघाला की पुढच्या फळीला मोकळी जागा मिळते. याउलट आपल्या गोलजवळच्या थ्रो-इनला देखण्या टॅपचं काम नाही. समोरच्याला स्वच्छ चेंडू न मिळू देणं हीच तिथली कामगिरी. तिला बटण नसतं.

उदाहरणं घ्या. वेस्ट कोस्ट क्लबचा निक नाइटानुई कारकिर्दीच्या उत्तरार्धात मैदानावर इतरांपेक्षा कमी वेळ असायचा, तरी २०२० आणि २०२१ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात आला. त्याला प्रति सामना नव्हे, प्रति झुंज मोजावं लागतं. मेलबर्न क्लबच्या मॅक्स गॉनने २०२१ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (अंतिम सामन्याच्या आधीची फेरी) जिलाँगविरुद्ध पाच गोल मारले, ते हिटआउटच्या रकान्यात कुठे दिसणार? आणि २०२३ मध्ये त्याच्या जोडीला ब्रॉडी ग्रंडी आला. दोघेही अव्वल, पण जोडी जमली नाही. ग्रंडी पुढच्या हंगामात सिडनीला गेला. माझ्या मते रकमनच्या आकड्यात अर्धा वाटा त्याच्या पायाशी उभ्या मिडफिल्डरांचा आणि संघरचनेचा असतो. तो वेगळा काढायचा तर तोच मिडफिल्ड दुसऱ्या रकमनसोबत कसा खेळतो ते बघावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. स्थानिक क्लबांना शनिवारी माणूस हवाच असतो. फुकट म्हणाल तर लगेच घेतात. ज्युनियर संघाबरोबर राहायचं तर व्हिक्टोरियात ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ आधी काढून ठेवा. पगारी काम मिळालं तर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, ती सांभाळा. क्लबात स्पोर्ट्सकोड हे व्हिडिओ विश्लेषणाचं सॉफ्टवेअर असेल तर छान, नाहीतर एक्सेल आणि मोबाईलचं चित्रीकरण पुरतं. कॅमेरा उंचावर हवा. कुंपणाजवळून झुंजीची खोली कळत नाही.

प्रत्येक झुंजीला एवढं टिपा: मैदानाचा भाग, समोर कोण, पहिला हात कुणाचा, टॅप कोणत्या दिशेला आणि पुढच्या पाच सेकंदांत चेंडू कुणाकडे. दिशा घड्याळाच्या आकड्यांत लिहा, रकमन आणि मिडफिल्डर आपसात तसंच ठरवतात. ‘चार’ ठरलं असताना टॅप ‘सात’ला गेला, तर चेंडू आपल्या माणसाला मिळूनही तो नशिबाचा भाग. मग उतरल्यावर रकमन काय करतो ते बघा. पाय जमिनीला लागताच वळून टॅकलला धावतो, की कंबरेवर हात ठेवून उभा राहतो? बचावफळी अडचणीत सापडून सीमारेषेलगत लांब किक मारते, तेव्हा तो तिथे पोचून मार्क, म्हणजे हवेतला झेल, घेतो का, निदान चेंडू बाहेर तरी घालवतो का?

व्याख्या मात्र प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा. ‘अॅडव्हांटेज’ म्हणजे काय यावर दोन माणसांचं सहज भांडण होतं. सामन्याचा एकच क्वार्टर आठवड्याच्या अंतराने दोनदा टिपून स्वतःचेच आकडे जुळतात का बघा. जुळले नाहीत तर आलेख काढायची घाई नको.

आणि मंगळवारी सरावाला भलामोठा अहवाल नेऊ नका. रकमन हे बहुधा दिवसभर दुसरी नोकरी करून आलेले असतात. एक पान, तीन छोट्या क्लिप, त्यातली एक त्याच्या चांगल्या कामाची, आणि ती पहिली दाखवा.