आधी वैरण, मग चंदी : तबेल्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

घोड्यांच्या तबेल्यात काम करायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना घोड्यावर बसायचे असते, आणि पहिले काही महिने त्यांच्या वाट्याला लीद काढणे, पाणी भरणे व वैरण तोलणे एवढेच येते. पुष्कळांना ते कमीपणाचे वाटते आणि ते निघून जातात. पुण्याच्या परिसरातील अश्वारोहण शिकवणाऱ्या तबेल्यात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, घोडा कळणे म्हणजे मुख्यतः त्याचे पोट कळणे होय; रपेट ही त्यानंतरची गोष्ट आहे.

घोडा गाई-म्हशींप्रमाणे रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने फारच लहान, साधारण ८ ते १५ लिटर मावेल एवढेच असते. त्यात आम्ल दिवसभर स्रवत राहते, परंतु त्या आम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. म्हणून पाच-सहा तास रिकाम्या गव्हाणीसमोर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या जठरात व्रण होण्याची भीती असते. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते पुढेच जाणार. एक किलो सुके गवत चावायला घोड्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो, तर तेवढीच चंदी, म्हणजे हरभरा-जवासारखे दाणे, तो दहा-बारा मिनिटांत फस्त करतो. जुने मोतद्दार, ज्यांना रेसकोर्सवर साईस म्हणतात, आधी वैरण टाकून मगच तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, तोंडाला चढवत असत, त्यामागचे कारण हेच आहे.

वैरण किती द्यावी याचा अंदाज वजनावरून करावा. प्रत्येक तबेल्यात घोड्याचा काटा नसतो, परंतु शिवणकामाची मोजपट्टी असतेच. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, घेराला घेराने आणि मग लांबीने गुणावे व येणाऱ्या संख्येला ११,८८० ने भागावे. वजन किलोमध्ये मिळते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल, तर घोडा सुमारे ३१२ किलोचा आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण या हिशेबाने त्याला रोज पाच ते सहा किलो सुके गवत लागेल, आणि ते दोन वेळांत न टाकता चार-पाच वेळांत विभागून टाकावे. हिरवे गवत दिल्यास त्यातील पाण्यामुळे वजन बरेच वाढवावे लागते. मिठाचा खडा मात्र बारमाही गव्हाणीत असावा.

चंदीच्या बाबतीत आपल्याकडे हौस फार आहे. घोडा म्हणजे हरभरा हे समीकरण इतके पक्के आहे की, दिवसातून तासभर मुलांना फिरवणाऱ्या तट्टालाही लोक शर्यतीच्या घोड्याएवढी चंदी घालतात आणि मग तो उधळतो म्हणून तक्रार करतात. हरभरा भिजवून किंवा भरडून द्यावा, जव उकडून किंवा भरडून द्यावेत, आणि जे काही द्यायचे ते डब्याने न मोजता तोलून द्यावे, कारण एकाच डब्यात मावणारा हरभरा आणि गव्हाचा कोंडा यांच्या वजनात दुपटीहून अधिक फरक पडतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. महिनोन्‌महिने केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे कमकुवत होतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने त्याची थोडी जोड दिली की ही उणीव बरीचशी भरून निघते. खाद्यात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोड्याच्या गव्हाणीत चुकूनही जाऊ देऊ नये, कारण त्यांपैकी काहींत मोनेन्सिन नावाचे औषध असते आणि ते अगदी थोड्या मात्रेतही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते.

सकाळी घोड्याला हात लावण्यापूर्वी ठाणावर, म्हणजे तो बांधण्याच्या जागेवर, नजर फिरवावी. रात्रीची वैरण संपली आहे का, पाण्याची बादली किती उतरली आहे, लिदीचे गोळे पडताच फुटणारे आहेत की कोरडे आणि टणक, हे तीन प्रश्न विचारले की रात्र कशी गेली ते समजते. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

त्यानंतर खरारा आणि खूर. खरारा, म्हणजे अंग घासायची दातेरी घासणी, मांसल भागावर गोल फिरवावा, गुडघ्यांखालच्या हाडांवर नव्हे, आणि करताना हाताखाली सूज, जखम किंवा गोचीड लागते का तिकडे लक्ष ठेवावे. खूर उचलताना घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, आणि खूर साफ करायचा आकडा नेहमी टाचेकडून पुढे ओढावा. तळव्याच्या मधोमध असलेल्या त्रिकोणी मऊ गादीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चिखल व लीद दबून बसते. ती निघाल्यावर खाली काळपट ओल दिसली आणि सडका वास आला, तर कूज सुरू झाली आहे असे समजावे. पावसाळ्यात हे इतके सर्रास घडते की, आषाढ-श्रावणात खूर दिवसातून दोनदा साफ करणे आणि ठाणातले ओले अंथरूण लगेच बदलणे याला पर्याय नाही. नालबंदाची फेरी साधारण पाच-सहा आठवड्यांनी व्हावी; नाल शाबूत दिसतो म्हणून ती पुढे ढकलू नये, कारण खूर तेवढ्या काळात सेंटिमीटरभर वाढलेले असते.

पोटशुळाची लक्षणे पहिल्याच आठवड्यात पाठ करावीत: घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, खाणे सोडतो, लीद टाकत नाही. अशा वेळी गव्हाण रिकामी करावी आणि पशुवैद्यांना फोन करण्यापूर्वी जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोटे ठेवून नाडी मोजावी. विश्रांतीतील नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. शेवटची लीद कधी पडली, काय खाल्ले आणि कुशीला कान लावल्यावर आतड्यांची गुरगुर ऐकू येते की नाही, हेही सांगता आले पाहिजे. मनाने काही पाजण्याच्या फंदात पडू नये. पाजलेले तेल फुप्फुसात गेल्यास दुखणे दुप्पट होते.

स्वतःच्या आरोग्यासाठी धनुर्वाताची लस घेऊन ठेवावी. घोड्याच्या नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास तो ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो. तो माणसालाही होतो आणि त्याची माहिती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. मालक नको म्हणाला तरी.

नोकरीचे म्हणाल तर शर्यतींच्या तबेल्यांत पगार तुलनेने नियमित असतो, परंतु घोड्यांबरोबर फिरावे लागते, कारण शर्यतींचा हंगाम साधारणपणे पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यापासून मुंबईच्या महालक्ष्मीला असतो. अश्वारोहण शाळांत शिकायला अधिक वाव मिळतो. काम स्वीकारण्यापूर्वी मालकाशी पगाराचे बोलावे, तसेच वैरणीची कोठी दाखवायला सांगावे. गंजीत हात खुपसून मूठभर गवत बाहेर काढावे आणि झटकावे. धूळ उडाली, बुरशीचा आंबूस वास आला किंवा पोती थेट ओल्या फरशीवर रचलेली दिसली, तर तेथील घोडे आज धष्टपुष्ट दिसत असले तरी दुसरा तबेला पाहावा.